मेंटेनन्समधल्या सुधारणा शोधायच्या कुठं? सुरुवात जुगाडापासून करा

मेंटेनन्सच्या फिटरला मीटिंगमध्ये उभं करून "काहीतरी सुधारणा सुचव" म्हटलं की तो आधी छताकडे बघतो आणि मग म्हणतो, "सगळं बरोबर चाललंय की साहेब." त्याच वेळी त्याच्या खिशात चार नंबर मशीनच्या लिमिट स्विचखाली सरकवायची पत्र्याची चकती असते. सुधारणा त्याला सुचलेली आहेच. विचारणाऱ्यानं चुकीच्या जागी आणि चुकीच्या तऱ्हेनं विचारलं, एवढंच.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या फाउंड्र्या (धातू ओतून कास्टिंग करणारे कारखाने), मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने, किंवा चिकोडी-अथणी-रायबागकडचे साखर कारखाने घ्या. चार-पाच फिटर, एक-दोन इलेक्ट्रिशियन आणि एक इंजिनिअर अशा टीमसाठी हा लेख आहे. सल्लागार बोलावून, सॉफ्टवेअर घेऊन सुधारणा शोधणाऱ्या मोठ्या कंपन्यांना याची गरज नाही. माझं म्हणणं सरळ आहे: तुमच्या शॉपमधली प्रत्येक तात्पुरती दुरुस्ती ही अर्धवट राहिलेली सुधारणा आहे. नव्या कल्पना नंतर शोधा, आधी या अर्धवट गोळा करा.

पायरी पहिली: खडू घेऊन एक फेरी

फेरी मशीन चालू असताना मारायची. सोबत एक फिटर, त्या लाइनचा ऑपरेटर, पिवळा खडू आणि मोबाईल. शोधायचं ते एवढंच: जे मशीनबरोबर आलेलं नव्हतं आणि आज तिथं आहे. पाइपला गुंडाळलेली ट्यूबची पट्टी, पॉवर पॅकखाली ठेवलेला डबा, बाइंडिंग वायरनं आवळलेलं कव्हर, एम-सील थापलेला टाकीचा कोपरा, मोटरखाली सरकवलेली लाकडाची पाचर, पॅनेलच्या दारात उभा टेबल फॅन. प्रत्येकाला खडूनं नंबर घाला, फोटो काढा. त्या दिवशी काहीही काढायचं नाही आणि "हे कुणी केलं?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न एकदा विचारला की पुढच्या फेरीपर्यंत सगळे जुगाड झाकले जातात आणि मशीनचं दुखणं तेवढं उरतं.

याला अपवाद सेफ्टीचा. गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलाय, दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारा स्विच) शॉर्ट केलाय, इमर्जन्सी स्टॉप बायपास केलाय, अशा गोष्टी यादीत जात नाहीत. मशीन थांबवून तिथल्या तिथं पूर्ववत करायच्या. मात्र त्या का केल्या गेल्या हे नंतर नक्की शोधायचं. गार्ड बसवायला आठ बोल्ट लागत असतील तर तो पुन्हा निघणारच. बिजागरी आणि एक लॉक लावून दिलं की तो जागेवर राहतो.

आता तो टेबल फॅन घेऊ, कारण फाउंड्रीत तो हमखास सापडतो. मोल्डिंग लाइनच्या पॅनेलचं दार उघडं, समोर फॅन. विचारलं तर उत्तर येतं, "दार लावलं की ड्राइव्ह ट्रिप होतोय साहेब." म्हणजे ड्राइव्ह, मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, तापतोय. का तापतोय? पॅनेलचा स्वतःचा फॅन बंद पडलाय किंवा त्याची जाळी वाळूच्या धुळीनं बुजलीय. दार उघडं ठेवल्यानं ड्राइव्ह थंड राहतो खरा, पण मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची भुकटी असते आणि तिची धूळ ओल धरली की वीज वाहू शकते. ती टर्मिनलवर, कॉन्टॅक्टरवर (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर) बसत जाते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत एक दिवस फ्लॅश होतो. मग रजिस्टरमध्ये नोंद पडते "कॉन्टॅक्टर जळाला, बदलला". फॅन आणि कॉन्टॅक्टर यांचा संबंध कुणी जोडतच नाही. या एका जुगाडातून कामं निघतात ती अशी: फिल्टर असलेला पॅनेल फॅन, दर आठवड्याला जाळी झटकणं, दाराचं रबर बदलणं, आणि जमल्यास पॅनेल धुळीपासून दूर हलवणं. पहिली तीन तुमच्या टीमला स्वतःला करता येतात.

एका फेरीत अशी भरपूर सापडतील. सगळी एकदम सोडवायला बसू नका.

पायरी दुसरी: बंद वेळेचे तुकडे करा

ब्रेकडाउन रजिस्टर सगळीकडे असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यात "मशीन बंद. दुरुस्त केली. चालू." एवढंच असतं. यातून काही निघणार नाही. फार रकाने घातले तर कुणी भरणार नाही. घड्याळातल्या या सहा वेळा टिपा, बास: मशीन थांबलं कधी, फिटरला कळलं कधी, तो पोचला कधी, दोष सापडला कधी, पार्ट हातात आला कधी, मशीन चालू झालं कधी.

समजा मोल्डिंग मशीन १०:१० ला थांबलं. फिटरला १०:२५ ला कळलं, १०:३५ ला तो पोचला, ११:०० वाजता सिलिंडरचं सील गेल्याचं ठरलं. सील हातात आलं १२:२० ला. बसवायला ४० मिनिटं, ट्रायलला १५. एकूण १८५ मिनिटं गेली, त्यातलं पाना हातात घेऊन केलेलं काम ४० मिनिटांचं. ८० मिनिटं सील आणण्यात गेली: स्टोअरकीपर जेवायला गेलेला, नेमका साइज कुणाला माहीत नाही, मग जुनं सील खिशात घालून पोरगा दुकानात. इथं "फिटरनं वेग वाढवावा" असं म्हणणारा साहेब चुकीच्या तुकड्याकडे बघतोय. प्रत्येक सिलिंडरचा बोअर, रॉड आणि सीलचे साइज एका कार्डावर लिहून, एक सेट झिपच्या पिशवीत घालून त्या मशीनच्या नावानं ठेवला की ती ८० मिनिटं पाच-दहावर येतात. खर्च एका सेटचा.

असे पंधरा-वीस ब्रेकडाउन तुकड्यांत मांडले की तुमच्या शॉपचं दुखणं कुठल्या तुकड्यात आहे ते उघड दिसतं. कुठं कळायलाच उशीर होतो, कुठं दोष शोधण्यात वेळ जातो कारण सर्किट डायग्राम साहेबांच्या कपाटात कुलपात असतं.

नोंद कुठल्या भाषेत करायची याचा बाऊ करू नका. आपल्याकडं एका शिफ्टमध्ये खानापूरचा मराठी फिटर, बैलहोंगलचा कन्नड ऑपरेटर आणि बिहारचा हेल्पर एकत्र असतात. ज्याला लिहायचा कंटाळा त्यानं आपल्या भाषेत व्हॉट्सॲपवर आवाजात सांगावं, शिफ्ट संपताना एकानं ते उतरवून घ्यावं. वेळ मात्र घड्याळात बघूनच सांगायची.

पायरी तिसरी: स्टोअरची पावती आणि भंगाराची पेटी

स्टोअरमधून गेल्या वर्षभरात काय काय गेलं ते मशीनवार काढा. एकाच मशीनला तोच पार्ट तिसऱ्यांदा गेला असेल तर तो पार्ट वाईट नाही, जागा वाईट आहे. दुसऱ्या कंपनीचं बेअरिंग मागवणं ही सुधारणा नव्हे, निदान पहिल्यांदा तरी नव्हे.

त्याआधी काढलेला पार्ट बघायचा, आणि त्यासाठी तो भंगारात जायच्या आधी वाचवायला हवा. मेंटेनन्सच्या टेबलाखाली एक लाकडी पेटी ठेवा. काढलेलं प्रत्येक बेअरिंग, सील, कपलिंगचा रबर स्पायडर, जळालेला कॉन्टॅक्ट, मशीन नंबर आणि तारखेची चिठ्ठी बांधून तिथं एक आठवडा राहील. शनिवारी अर्धा तास सगळ्यांनी मिळून ती पेटी उलटी करायची. माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात किफायतशीर सवय हीच.

बेअरिंग कापून उघडलं की बरंच कळतं. आत लालसर तपकिरी गंज म्हणजे पाणी शिरलंय. वॉशिंगचा पाइप किंवा गळकं छत शोधा. रेसवर (गोळ्या फिरतात त्या कडीवर) धुण्याच्या फळीसारख्या समांतर रेघा दिसल्या आणि मोटर ड्राइव्हवर चालत असली, तर शाफ्टमधून करंट वाहतोय. अर्थिंग आणि इन्सुलेटेड बेअरिंगकडे वळा. ग्रीस काळं, कडक झालेलं असेल तर उष्णता, आणि बरेचदा त्याचं कारण ग्रीस कमी नसून जास्त असणं. स्पायडरचे दात एकाच बाजूनं खाल्लेले असतील तर अलाइनमेंट. हायड्रॉलिक ओ-रिंगची कड कुरतडल्यासारखी असेल तर प्रेशरनं ती फटीत ढकलली जातेय; चपटी आणि कडक झालेली असेल तर तेल तापतंय.

ग्रीसचं आणखी थोडं सांगतो, कारण इथं फुकटची सुधारणा पडून असते. नेहमीच्या ग्रीसिंगच्या वेळी किती ग्रीस द्यायचं याचं प्रचलित सूत्र असं: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३०८ नंबरचं बेअरिंग ९० बाहेरचं आणि २३ रुंद, म्हणजे साधारण १० ग्रॅम. आता तुमची ग्रीस गन घ्या, कागदावर दहा पंप मारा आणि वजन करा. एका पंपाला किती ग्रॅम पडतं ते कळलं की मशीनवर पेंटनं लिहून टाका, "६३०८, इतके पंप". "बाहेर येईपर्यंत मार" ही पद्धत त्या दिवशी बंद होते.

हायड्रॉलिक्सचं गाव म्हणवणाऱ्या आपल्याकडं एक समजूत अजून घट्ट आहे: नवं तेल म्हणजे स्वच्छ तेल. बॅरलमधलं नवं तेलसुद्धा सर्वो किंवा प्रपोर्शनल वॉल्व्हसारख्या नाजूक वॉल्व्हला चालेल इतकं स्वच्छ असेलच असं नाही. टाकीत भरताना फिल्टर ट्रॉलीतून भरा. झाकण काढून बादलीनं ओतणं थांबवलं तर वॉल्व्ह अडकायच्या तक्रारी कमी होतात का, ते तुमच्याच रजिस्टरमध्ये दोन-तीन महिन्यांत दिसेल.

पायरी चौथी: ऑपरेटरला कसं विचारायचं

"काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलंत तर "नाही" येईल. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. सकाळी मशीन पहिल्यांदा चालू करताना काय काय करावं लागतं? कुठल्या कामासाठी दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागते? रात्रपाळीला फिटर नसताना तुम्ही स्वतः काय करून मशीन चालू करता? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे, पण तो सुपरवायझर बाजूला नसताना विचारायचा.

"ह्यो वॉल्व्ह थंडीत अडकतोय, जरा हातोडीनं टिचकी मारली की चालतंय," असं एखादे काका सहज सांगून जातात. त्यांना वाटतं ही मशीनची सवय आहे. तुम्हाला त्यातून स्पूलवरचा (वॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्यावरचा) गाळ, तेलाचा चुकीचा ग्रेड आणि वॉर्म-अपची वेळ अशा तीन दिशा मिळतात. परप्रांतातून आलेली कंत्राटी पोरं आपणहून बोलणार नाहीत; त्यांच्यातलाच एक जुना माणूस मध्ये घाला. आणि ज्यानं सांगितलं त्याला आठ दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. "करतोय", "दिवाळीनंतर करू", "जमणार नाही, कारण असं असं". नकार चालतो. गप्प बसलेलं चालत नाही; दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा कुणी तोंड उघडत नाही.

पायरी पाचवी: दुरुस्तीनंतर लगेच झालेली दुरुस्ती

रजिस्टरमध्ये लाल पेन घेऊन एकच गोष्ट शोधा: प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (बिघडायच्या आधी ठरल्या वेळी केलेली देखभाल) किंवा मोठी दुरुस्ती झाल्यानंतर आठवड्याच्या आत तेच मशीन पुन्हा थांबलं, असं किती वेळा झालं?

हे शोधायचं कारण जुनं आहे. युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी १९७८ साली विमानांच्या देखभालीचा मोठा अहवाल लिहिला. वय झालं म्हणून बिघडणारे भाग त्यांना फक्त ११ टक्के सापडले, आणि ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त होती ती नवीन बसवल्यानंतर लगेच. विमानाचे आकडे फाउंड्रीच्या बकेट एलिव्हेटरला जसेच्या तसे लागू होत नाहीत. वाळूत चालणारा पार्ट झिजतोच आणि ठरल्या वेळी बदलावा लागतोच. पण "जितकं उघडाल तितकं चांगलं" हा समज मात्र त्यातून सुटतो. लाल खुणा जिथं जास्त, तिथली सुधारणा बसवण्याच्या पद्धतीत असते: बेअरिंग हातोडीनं ठोकण्याऐवजी इंडक्शन हीटरवर तापवून घालणं, बोल्टला टॉर्क रेंच, कपलिंगला डायल इंडिकेटर, काम झाल्यावर उरलेले नट-बोल्ट मोजणं. आणि काही वेळा सुधारणा म्हणजे दर महिन्याला विनाकारण उघडलं जाणारं कव्हर न उघडणं.

पायरी सहावी: आपल्या भागाचं कॅलेंडर

पावसाळ्यात छताचे पत्रे गळतात. दुरुस्तीचा माणूस येतो एप्रिलमध्ये, आणि तेव्हा कुठं गळत होतं ते कुणालाच नक्की आठवत नाही. जुलैत पाऊस चालू असताना जमिनीवर ऑइल पेंटनं गोल करून ठेवा. पॅनेलवर, कंट्रोल केबिनवर पडणाऱ्या थेंबाला दोन गोल.

खंडेनवमीला सगळी मशीनं घासून पुसून चकाचक होतात. फुलं वाहण्याआधीचे दोन तास मेंटेनन्सचे आहेत. वर्षभराचं तेल-धूळ निघालेल्या मशीनवर तडा गेलेलं वेल्डिंग, गायब बोल्ट, नुकतीच सुरू झालेली गळती स्पष्ट दिसते. पुसणाऱ्याच्या हातात चिठ्ठ्या द्या, काही वेगळं दिसलं की तिथं चिकटवायची. जपानमधल्या निप्पोनडेन्सोतून १९७१ च्या सुमारास पुढं आलेल्या टीपीएममध्ये (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्समध्ये) साफसफाई हीच तपासणी मानतात. आपल्याकडं तो दिवस आयता आहे, आपण तो नुसत्या हळदी-कुंकवावर घालवतो.

साखर कारखान्यातल्या मंडळींनी ऑफ-सीझनच्या कामांची यादी गाळप संपल्यावर करू नये. थांबलेली मिल काही सांगत नाही. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात, सगळं भरात चालू असताना मोटरचे ॲम्पिअर, बेअरिंगचं तापमान, कुठला पंप आवाज करतोय, कुठल्या ग्लँडला गळती आहे ते टिपून घ्या. तापमानाची गन चकचकीत धातूवर मारली तर आकडा चुकीचा, कमी दाखवते. तिथं काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा.

सुट्टीच्या दिवशी करायची एक चाचणी सगळ्यांसाठी. सगळी मशीनं बंद, हवेचे मेन व्हॉल्व्ह उघडे, कंप्रेसर चालू. तो लोड (हवा भरत) किती वेळ राहतो आणि अनलोड (नुसता फिरत) किती वेळ, ते दहा-बारा वेळा मोजा. लोड २ मिनिटं आणि अनलोड ६ मिनिटं आली तर ८ पैकी २, म्हणजे कंप्रेसरची २५ टक्के हवा नुसती गळतीत जातेय. ती वीज कुठल्याही मशीनच्या खात्यावर दिसत नाही, म्हणून कुणाला खुपत नाही.

मोटर वारंवार जळत असेल तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, शिव्या देण्याआधी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. ४१०, ४१५, ३९९ आलं तर सरासरी ४०८, सर्वात जास्त फरक ९, म्हणजे असमतोल सुमारे २.२ टक्के. करंटमधला असमतोल याच्या ६ ते १० पट होऊ शकतो. आता हेच ट्रान्सफॉर्मरपाशी मोजा. तिथं समान असेल तर दोष तुमच्याच वायरिंगमध्ये, सैल लगमध्ये किंवा सिंगल फेजचे लोड एकाच फेजवर टाकण्यात आहे.

पायरी सातवी: बाहेरच्या लोकांना विचारा

मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं चहा प्या. तुमची मोटर कशी जळाली हे त्याला वाइंडिंग बघून कळतं. तिन्ही फेज सारखे करपलेले असले तर ओव्हरलोड. स्टार जोडणीत दोन फेज जळाले आणि एक नवा कोरा राहिला, किंवा डेल्टात एकच जळाला, तर मोटर सिंगल फेजिंगवर, म्हणजे एक फेज तुटलेली असताना, चालली. हे तो बिलावर लिहीत नाही, कारण कुणी विचारत नाही. त्याला सांगा: जळालेल्या वाइंडिंगचा फोटो पाठवल्याशिवाय पैसे नाहीत.

शेजारच्या कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्याशी ओळख असेल तर एकमेकांच्या शॉपमध्ये फेरी मारा. आपल्या नजरेला सवय झालेल्या गोष्टी त्याला पाच मिनिटांत दिसतात. माल आणि डिझाइनबद्दल बोलायचं नाही, फक्त देखभालीबद्दल.

निवड कशी करायची

आता यादी मोठी झालेली असेल. ती तीन ढिगांत घाला: आपल्याच हातानं आणि स्टोअरच्या सामानात होणारी, शटडाउन लागणारी, खरेदी लागणारी. पहिल्या ढिगातल्या तीन उद्यापासून सुरू करा. तीनच. पूर्ण झाल्यावर पुढच्या तीन. दुसरा ढीग पुढच्या शटडाउनपर्यंत तारीख घालून ठेवा.

तिसऱ्या ढिगासाठी मालकाकडं जायचं तर "मशीनचं आयुष्य वाढेल" असं बोलू नका. तो ऐकून घेईल आणि विसरेल. मशीन तासभर थांबलं की किती पीस जातात, प्रॉडक्शनकडून आकडा घ्या. मागच्या सहा महिन्यांत या कारणानं किती तास गेले ते रजिस्टरमधून काढा. दोन्हींचा गुणाकार आणि शेजारी कोटेशन. एकसारखी दोन मशीनं असतील तर आधी एकावरच करा आणि दुसरं तसंच ठेवून दोन-तीन महिने तुलना करा. वाळूचा ग्रेड बदलला, ऑर्डर कमी झाली, अशा कारणांनी बिघाड आपोआपही घटतात. दुसरं मशीन बाजूला असलं की त्याचं श्रेय चुकून तुमच्या सुधारणेला जात नाही.

सेन्सर आणि सॉफ्टवेअर विकणारे याच टप्प्यावर दारात येतात. रजिस्टरमधल्या सहा वेळा वर्षभर नीट भरता येत नसतील तर ते सॉफ्टवेअरही रिकामंच राहील. त्या पैशात इंडक्शन हीटर, तेल भरायची फिल्टर ट्रॉली आणि स्पेअरचे सेट येतात.

ज्या कल्पना नाकारल्या त्या रजिस्टरच्या मागच्या पानावर कारणासकट लिहा: सुचवणाऱ्याचं नाव, तारीख, "गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणून आत्ता नाही." पुढं कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी तो गिअरबॉक्स उतरणार असतो. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी ते पान उघडा आणि ज्यानं सुचवलं होतं त्यालाच त्या कामावर घ्या.